डोळ्याचं वय

वरूडकडच्या एका संत्रा बागाईतदारानं मध्यंतरी मला विचारलं, "गुरुजी, कलम पाचव्या वर्षी फळावर आलं. त्याच्याच बाजूचं बियाचं झाड अजून नुसतं काटेच काढून राह्यलं. काहून? तोडू काय?"

उत्तर झाडाच्या पेशीत आहे. डीएनएमधली जनुकं म्हणजे प्रथिनं घडवण्याच्या कृती. हवी ती कृती आरएनएच्या चिठ्ठीवर उतरते आणि चिठ्ठीवरून प्रथिन घडतं. पण पेशीत वीस-एकवीस अक्षरांचे इवलेसे आरएनएही असतात. ते ठरावीक चिठ्ठीला नेमके चिकटतात, चिठ्ठी कापली जाते आणि प्रथिन घडतच नाही. (अशा सूक्ष्म आरएनएच्या शोधाला २०२४ चं नोबेल मिळालं, तो शोध लागला मात्र एका कृमीत!)

कोवळ्या रोपात 'एमआयआर १५६' नावाचा असा आरएनए भरपूर असतो. प्रौढपणाची जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनांच्या चिठ्ठ्या तो फाडत राहतो. वयाबरोबर ओसरत जातो. कलमाचा डोळा फळत्या झाडावरून घेतलेला. जंबेरीचा खुंट पोरसवदा असला, तरी डोळा आपलं वय सोबत आणतो.

मग बहार. आंबिया बहारासाठी आपण हिवाळ्यात पाणी तोडतो. थंडी आणि ताणानं 'एफटी' नावाचं जनुक जागं होतं. त्याचं प्रथिन पानातून अन्नरसाबरोबर डोळ्यापर्यंत जातं आणि तिथल्या जोडीदार प्रथिनासह फुलाची जनुकं चालू करतं. पानातून असा काही निरोप निघतो, हे सोव्हिएत शास्त्रज्ञ चैलाख्यान यांनी १९३० च्या दशकातच मांडलं होतं. तो निरोप म्हणजे हे प्रथिन, हे २००७ साली भातात दिसलं. त्याआधी २००५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी संत्रावर्गातलं हेच जनुक एका लिंबूवर्गीय रोपात सतत चालू ठेवलं, तर एरवी वर्षानुवर्षं वाट पाहायला लावणारी ती रोपं काही महिन्यांतच फुलली.

माझ्या वडिलांनी एका साली, बहार जोरात यावा म्हणून, हलक्या जमिनीतल्या बागेचा ताण लांबवला. पानं झडली, शेंडे वाळले. ज्यातून निरोप निघायचा ती पानंच गेली! पुढची दोन वर्षं घरात संत्र्याचा पैसा आला नाही.

म्हणून त्या बागाईतदाराला म्हटलं, ताणाचे दिवस कॅलेंडरवर मोजू नका. भारी काळ्या जमिनीत ते जास्त लागतात, हलकीत कमी. पानं मलूल होऊन थोडी गळू लागली की पाणी सोडा.

बियाचं झाड त्यानं अजून तोडलेलं नाही.