आत्याची जपानी थाळी

माझ्या आत्याच्या दिवाणखान्यात एक मोठी जपानी थाळी टांगलेली असे. निळी, विटकरी-तांबडी आणि सोनेरी. मध्ये फुलदाणी, काठाला वेल. तिच्या सासऱ्यांनी ती मुंबईच्या चोरबाजारात घेतली होती. पाठीमागे सहा चिनी अक्षरे. वीस वर्षांपूर्वी मी ती अक्षरे एका पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिली आणि ऐटीत सांगून टाकले, "आत्या, हा मिंग राजा चेंगहुआ! पाचशे वर्षांची वस्तू आहे." मराठी शिकवणाऱ्याने चिनीच्या वाटेला जाऊ नये, हे मला कोण सांगणार?

यंदा आत्याच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले. ती म्हणाली, "ती थाळी विकून टाक. तूच म्हणाला होतास ना?" माझ्या पोटात गोळा आला. मुकाट्याने अभ्यासाला बसलो.

अशा तिरंगी भांड्यांना 'इमारी' म्हणतात. इमारी हे क्यूशू बेटावरचे बंदर. भांडी घडत ती जवळच्या आरिता गावी. तिथे पोर्सेलिन होऊ लागले सतराव्या शतकाच्या आरंभी. आणि आमचे चेंगहुआमहाराज राज्यावर होते १४६५ ते १४८७ पर्यंत! म्हणजे आरिताची भट्टी पेटायच्या आधीच सव्वाशेहून अधिक वर्षे ते निवर्तलेले. जपानी कारागीर चिनी राजांची नावे आपल्या भांड्यांवर सर्रास घालीत. तेव्हा तळावरची अक्षरे म्हणजे जन्मदाखला नव्हे.

१६५० नंतर डच कंपनी नागासाकीहून ही भांडी युरोपात नेऊ लागली. खप पाहून खुद्द चिन्यांनी नकला केल्या, पुढे इंग्लंडात डर्बीला झाल्या, एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सॅमसनने तर नकलांचा कारखानाच चालवला. मग जपानी हात ओळखावा कसा? थाळी उलटी करावी. आरिताच्या मोठ्या थाळ्यांच्या तळाशी पुष्कळदा मुगाएवढे लहान तीन-चार व्रण असतात. भट्टीत मधला भाग खचू नये म्हणून दिलेल्या टेकूंचे ते व्रण; चिनी भांड्यांवर ते सहसा नसतात.

मी थाळी उतरवली, उलटी केली. व्रण होते! क्षणभर हर्ष झाला. मग भिंग घेऊन काठाची वेल पाहू लागलो. वेलीचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा येत होता आणि एके ठिकाणी दोन तुकडे जुळतच नव्हते. एक पान मध्येच कापलेले. हाताने रंगवणारा चुकतो, पण अर्धे पान टाकून पुढची वेल सुरू करीत नाही. ही छापाची करामत. मेइजी काळात, म्हणजे १८६८ ते १९१२ मध्ये, असे छापकाम स्वस्त मालासाठी धडाक्याने चालले. निळाही तसाच, झगझगीत, कारखानी कोबाल्टचा. जुन्या हाती रंगवलेल्या भांड्यांतला निळा कुठे गडद, कुठे फिका असतो.

थोडक्यात, थाळी अस्सल जपानी; पण फार तर दीडशे वर्षांची आणि बाजारात ऑपरेशनाच्या खर्चाच्या जवळपासही न जाणारी. दोन दिवस मी टाळाटाळ केली. तिसऱ्या दिवशी सगळे सांगितले.

आत्याने शांतपणे ऐकून घेतले. "म्हणजे वरची साडेतीनशे वर्षं तुझी होय रे?" ती म्हणाली. "टांग परत भिंतीवर. आणि ऑपरेशनचं आता तूच बघ."