पडदे, गाद्या, चादरी : निवडण्याआधी विचारा, धुणार कोण?

दिवाळी जवळ आली किंवा घरात लग्नकार्य ठरलं की पहिली चर्चा सुरू होते ती पडद्यांची. मग एखाद्या रविवारी सगळं कुटुंब दुकानात जातं. दुकानदार थानामागून थान उलगडतो, झगमगत्या दिव्यांखाली प्रत्येक कापड सुरेख दिसतं आणि तासाभरात हजारो रुपयांची खरेदी होते. सहा महिन्यांनी मात्र चित्र वेगळं असतं. मखमली पडदे धूळ धरून बसलेले असतात, सोफ्याच्या फिकट कापडावर चहाचे डाग पडलेले असतात आणि भारी पलंगपोस ‘पाहुणे आले की काढू’ म्हणून कपाटात गेलेला असतो.

यात कापडाचा दोष क्वचितच असतो. खोलीचा विचार न करता ते घेतलेलं असतं, तिथेच गणित बिघडतं. शिवाय रंग सगळे मिळून निवडतात, पण धुण्या-झटकण्याचं काम बहुधा एकट्या गृहिणीच्या वाट्याला येतं. म्हणून प्रत्येक खोलीसाठी आधी तीन प्रश्न विचारायला हवेत. इथे ऊन-वारा किती येतो? इथे कोण वावरतं? आणि हे धुणार कोण?

हवा पाहून कापड

कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात पावसाळ्याचे चार महिने हवेत ओल असते. जाड मखमल आणि लोकरी गालिचे तिथे लवकर वाळत नाहीत, त्यांना कुबट वास येतो आणि बुरशी धरते. अशा ठिकाणी पातळ सुती किंवा सुती-पॉलिएस्टर मिश्र कापड बरं. याउलट दिल्ली, इंदूर, नागपूर इथे उन्हाळ्यात धूळ आणि झळा त्रास देतात. पश्चिमेच्या खिडकीला अस्तर लावलेला फिकट रंगाचा पडदा किंवा बाहेरच्या बाजूने बांबूची चिक लावली तर खोली कमी तापते. गडद रंग कडक उन्हात लवकर विटतात, हेही विसरू नये.

बैठकीची खोली

इथे सर्वाधिक वर्दळ असते. सोफ्याला कायमचं ठोकलेलं कापड घेण्यापेक्षा चेन लावलेल्या, काढता येणाऱ्या खोळी शिवून घ्याव्यात. मध्यम छटेच्या, बारीक नक्षीच्या किंवा चौकड्यांच्या कापडावर डाग चटकन दिसत नाहीत. खोली लहान असेल तर पडद्यांचा रंग भिंतीच्या रंगाच्या जवळचा ठेवावा, खोली मोठी भासते. उठावदार रंगाची हौस उशांच्या अभ्ऱ्यांवर भागवावी. ते थोड्या खर्चात बदलता येतात.

जागा अगदीच कमी असेल तर जड सोफ्याऐवजी दिवाण किंवा गादी-लोडांची बैठक करता येते. दिवसा बसायला, रात्री पाहुण्याला झोपायला. त्यावर सोलापुरी चादर घातली की वेगळ्या सजावटीची फारशी गरज उरत नाही.

झोपण्याची खोली

अंगाला लागणारं कापड सुतीच असावं. चादरीच्या पाकिटावर धाग्यांची संख्या छापलेली असते आणि मोठा आकडा पाहून ग्राहक भुलतो. प्रत्यक्षात २०० ते ४०० धाग्यांची चांगली सुती चादर रोजच्या वापराला पुरेशी असते. फार मोठे आकडे अनेकदा पीळ दिलेल्या धाग्याचे पदर वेगवेगळे मोजून आलेले असतात.

घरात कुणाला दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल तर इथे गालिचा टाळावा, पडदे हलके ठेवावेत, आणि चादरी-अभ्रे दर आठवड्याला शक्यतो ६० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात धुवावेत. त्यासाठी गरम पाणी सोसणारं, पक्क्या रंगाचं कापडच घ्यायला हवं. जाड दुलई घेण्यापूर्वी ती घरच्या यंत्रात मावेल का, ओली झाल्यावर उचलता येईल का आणि वाळत कुठे घालायची, याचा हिशेब करावा.

मुलांची खोली

कार्टूनची चित्रं असलेले पडदे मुलांना दोन वर्षं आवडतात, मग नकोसे होतात. पडदे साधे ठेवून चित्रांची हौस चादरींवर पुरवावी. इथे महत्त्वाची गोष्ट सुरक्षिततेची. ओढायच्या दोरीचे पडदे किंवा ब्लाइंड्स लहान मुलांच्या खोलीत नकोतच. लोंबती दोरी गळ्याभोवती अडकून जिवावर बेतू शकतं. बिनदोरीचे पडदे लावावेत आणि मुलाचा पलंग खिडकीपासून दूर ठेवावा.

आजी-आजोबांची खोली

या खोलीच्या सजावटीत सुंदर दिसण्याआधी सुरक्षितता पाहायला हवी. गुळगुळीत फरशीवर टाकलेली सैल सतरंजी आणि कडेला झालर असलेलं पायपुसणं, दोन्ही धोकादायक. म्हातारपणी पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं तर महिनोन्‌महिने अंथरूण धरावं लागतं. सतरंजी हवीच असेल तर तिच्याखाली न सरकणारी रबरी जाळी घालावी. पलंग इतक्याच उंचीचा असावा, की कडेला बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतील. खुर्चीला हात असावेत, म्हणजे उठताना आधार मिळतो. चादर आणि फरशी एकाच रंगाची नसावी. मंद दिसणाऱ्या डोळ्यांना पलंगाची कड ओळखता आली पाहिजे. रात्री न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर मंद दिवा हवा.

स्वयंपाकघर आणि न्हाणीघर

गॅसजवळच्या खिडकीला पडदा लावूच नये. नायलॉन आणि पॉलिएस्टर जळताना वितळून कातडीला चिकटतं, सुती कापडही भराभर पेटतं. आडोसा हवाच असेल तर काचेवर दुधी कागद चिकटवावा. तो ओल्या फडक्याने पुसताही येतो. न्हाणीघराबाहेर जाड सुती पायपुसण्यांचे दोन जोड ठेवावेत, एक वापरात आणि एक वाळत.

कापड किती घ्यायचं?

दुकानात जाण्याआधी घरी टेप लावून माप घ्यावं. समजा, खिडकी ४ फूट रुंद आणि ४ फूट उंच आहे. रॉड दोन्ही बाजूंना ६-६ इंच पुढे असतो, म्हणून रुंदी ६० इंच. चुण्या छान पडाव्यात म्हणून त्याच्या दुप्पट, म्हणजे १२० इंच. कापडाचा पन्हा ४८ इंचांचा असेल तर तीन पन्हे लागतील. उंचीला ४८ इंच, वर आणि खाली ६-६ इंच, शिवाय दुमडायला १२ इंच, असे ७२ इंच. तीन पन्ह्यांचे साडेपाच मीटर झाले. सुती कापड आटतं, म्हणून पावणेसहा मीटर घ्यावं आणि शिवण्याआधी एकदा भिजवून वाळवावं. नक्षी मोठी असेल तर ती जुळवायला थोडं जास्त कापड लागतं.

दुकानात पारख

कापड उजेडात, दाराशी नेऊन पाहावं. पांढरा ओला रुमाल त्यावर घासावा. रंग लागला तर ते कापड इतर कपड्यांबरोबर धुता येणार नाही. शुद्ध सुती म्हणून दिलेल्या कापडाचा एक धागा घरी काळजीपूर्वक जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. घरातल्या दिव्यांचाही रंगावर परिणाम होतो. एलईडीच्या खोक्यावर २७०० ते ३००० केल्विन लिहिलेलं असेल तर प्रकाश पिवळसर असतो, ६५०० असेल तर पांढरा-निळसर. म्हणून शक्य असल्यास छोटा नमुना आणून रात्री घरी पाहावा.

हातमागाच्या कापडावर हँडलूम मार्कची खूण पाहावी. केंद्र सरकारने ती २००६ मध्ये सुरू केली. आपल्या देशात प्रत्येक खोलीसाठी काही ना काही विणलं जातं. केरळमधल्या कन्नूरचं पडद्यांचं आणि सोफ्याचं कापड, तामिळनाडूतल्या भवानीचे जमखाने, वारंगळच्या सतरंज्या, सोलापूरच्या चादरी आणि टॉवेल, या सगळ्यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे.

सगळं घर एकदम बदलण्याची गरज नाही. एका वेळी एक खोली घ्यावी, सर्वांत जास्त वापराची आधी. आणि खरेदीच्या यादीबरोबरच आणखी एक यादी करावी: पडदे कोण काढणार, खोळी कोण धुणार, गाद्या उन्हात कोण टाकणार. त्या यादीत घरातल्या प्रत्येकाचं नाव आलं, तर निवडही आपोआप शहाणपणाने होईल.