पिवळी खूण आणि समासांतील टीप

स्वतःचें लिखाण तपासतांना मनुष्याची दृष्टि त्यास बहुधा दगा देते. जें लिहावयाचें मनांत होतें, तेंच समोर उतरलें आहे असें त्यास वाटतें. म्हणून दुसऱ्याच्या डोळ्यांची गरज पडते. आज पुष्कळ विद्यार्थी निबंध व प्रकल्प संगणकावर लिहितात. तेथें तपासणाऱ्याच्या हातीं दोन साधनें असतात : अक्षरांवर रंग चढविणारें हायलाइट आणि समासांत टीप लिहूं देणारी कॉमेंट. त्यांचा उपयोग कसा करावा, याचा येथें थोडा विचार करूं.

हस्तलिखित पोथ्यांच्या काळीं चुकलेल्या अक्षरांवर हरताळ लावीत. हरताळ हा पिवळा खनिज पदार्थ. त्याच्या लेपाखालीं मूळ अक्षर झांकून जाई. हायलाइटचा रंगही बहुधा पिवळाच असतो. परंतु त्याचें कार्य अगदीं उलट आहे. हरताळ अक्षर लपवितो, हायलाइट तें नजरेस आणून देतें. तपासणाऱ्यानें हा भेद नीट ध्यानांत धरावा.

याचा उत्तम दाखला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचा आहे. तेथें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम आरंभिलें गेलें व १९६६ सालीं तें पूर्ण झालें. जेथें पाठ निःसंशय ठरला नाहीं, तेथें संपादकांनीं अक्षरांखालीं नागमोडी रेघ काढली, आणि निरनिराळ्या हस्तलिखितांतील पाठभेद पानाच्या तळाशीं छापले. त्यांनीं आपला निर्णय दिला. परंतु वाचकाचा विचार करण्याचा अधिकार हिरावून घेतला नाहीं.

हीच रीत घरच्या निबंधास लावतां येते. समजा, एका मुलानें लिहिलें, 'गोदावरी नाशिकजवळ उगम पावते.' वडिलांनीं तें वाक्य पुसून स्वतःचें सुरेख वाक्य घातलें, तर निबंध सुधारेल, पण मुलगा होता तेथेंच राहील. नुसतें रंगवून सोडलें, तर काय चुकलें हें त्यास कळणार नाहीं. 'चूक' एवढाच शब्द लिहिला, तर तो केवळ हिरमुसेल. त्याऐवजीं 'नाशिकजवळ' हा एकच शब्द रंगवावा व टीप लिहावी : 'नेमकें ठिकाण कोणतें? नकाशांत पाहून लिही.' मुलगा नकाशा उघडील, त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी शोधील, आणि नवें वाक्य त्याचें स्वतःचें होईल. रंग स्थळ दाखवितो, टीप कारण सांगते, आणि दुरुस्ती लेखक करितो.

वर्डमध्यें शब्द निवडून कंट्रोल, आल्ट व एम या कळा एकत्र दाबल्या कीं टीप उघडते. मूळ शब्दांतच बदल सुचवावयाचा असेल, तर 'ट्रॅक चेंजेस' चालू करावें. म्हणजे जुनें व नवें दोन्ही दिसतात, आणि बदल स्वीकारणें वा नाकारणें लेखकाच्या हातीं राहतें. रंग मात्र बेतानें वापरावा. सगळेंच पान पिवळें झालें, तर खूण कशाची?

शेवटीं एक सावधगिरी. टीप 'रिझॉल्व्ह' केली म्हणजे ती मिटते, पुसली जात नाहीं. दृष्टीआड केलेली टीपही फाइलींतच राहते. शिष्यवृत्तीच्या अर्जावर 'हें जरा फुगवून लिहिलें आहे' अशी घरची टीप राहून गेली, तर ती परक्याच्या हातीं पडेल. म्हणून प्रत पाठविण्यापूर्वीं प्रत्येक टिपेचा विचार करून ती काढून टाकावी, बदल स्वीकारावे वा नाकारावे आणि रंग उतरवावा.

विद्यार्थिमित्रांनो, उद्यां मित्राचा निबंध तुमच्याकडे तपासावयास आला, तर त्याच्या शब्दांस आपल्या शब्दांइतकाच मान द्या. आणि तुमच्या लिखाणावर टिपा आल्या, तर रागावूं नका. कोणीतरी तें मन लावून वाचलें, ही त्याची खूण आहे.