राजाची नासपती: फ्रेंच व्यंगचित्रं कशी पाहावीत?

मालेगावसारख्या उर्दू वाचणाऱ्या गावात कातिब आणि शिळाछाप हे शब्द फारसे समजावून सांगावे लागत नाहीत. कातिब तेलकट शाईनं मजकूर लिहायचा, तो दगडावर उतरवायचा, मग दगड ओला करायचा. तेलाला पाणी धरत नाही, त्यामुळे छपाईची शाई फक्त अक्षरांवर बसते. १८३० च्या सुमारास पॅरिसमध्ये व्यंगचित्रं याच तंत्रानं निघत होती. लाकूड किंवा तांबं कोरत बसायचं कारण नव्हतं. चित्रकार तेलकट खडूनं थेट दगडावर काढायचा आणि घटना ताजी असतानाच चित्र दुकानात लागायचं.

१८३० च्या क्रांतीनंतर लुई-फिलिप राजा झाला. शार्ल फिलिपाँ यांनी त्याच वर्षी 'ला कारिकात्यूर' हे साप्ताहिक आणि १८३२ मध्ये 'ल शारिवारी' हे दैनिक काढलं. १८३१ च्या खटल्यात त्यांनी चार रेखाटनं केली. पहिल्यात राजाचा चेहरा, चौथ्यात नुसती नासपती. त्यांचा सवाल असा, की साम्य हाच गुन्हा असेल तर नासपतीलाही शिक्षा करणार का? फ्रेंच बोलीत नासपती म्हणजे भोळसट माणूसही. फिलिपाँ यांना तुरुंग झाला, पण नासपती भिंतीभिंतींवर पोचली.

ओनोरे दोमिए तेव्हा २३ वर्षांचे होते. त्यांच्या 'गार्गांतुआ' चित्रात गरिबांनी भरलेल्या कराच्या टोपल्या फळीवरून थेट राजाच्या तोंडात रिकाम्या होतात. या चित्रापायी त्यांना सहा महिन्यांची कैद झाली.

आता मुद्दा पाहू. १८३५ मध्ये राजावर प्राणघातक हल्ला झाला आणि सप्टेंबरमध्ये कडक कायदे आले. सरकारचं म्हणणं असं, की लेख हे मत आहे, पण चित्र ही कृती आहे. म्हणून चित्राला आधी परवानगी लागणार. यामागची भीती उघड आहे: लेख वाचणाऱ्यापुरता असतो, चित्र न वाचणाऱ्यालाही कळतं. त्यानंतर दोमिए वकील, घरमालक, भामटे शेटजी यांच्याकडे वळले. संग्रहालयांत त्यांचे इतके वकील दिसतात, त्यामागे हा कायदाही आहे.

पॅरिसच्या कार्नावाले संग्रहालयासारख्या ठिकाणी हे कागद आज शांतपणे काचेआड असतात. तिथे आपण दोन गोष्टी पाहाव्यात. एक, तारीख: १८३५ च्या आधीची की नंतरची? दोन, मागची बाजू: तिथे मजकूर छापलेला असेल तर तो कागद प्रत्यक्ष वर्तमानपत्राचा, कुणीतरी सकाळी हातात धरलेला. मागे कोरा असेल तर बहुधा संग्राहकांसाठी काढलेली प्रत.

हा वाद परका नाही. २०१२ मध्ये मुंबईत व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की हिंसेला चिथावणी नसेल तर व्यंगचित्र राजद्रोह ठरत नाही. त्या चित्रांत विनोद फारसा नाही, असंही न्यायालयाला वाटलं. तरीही निर्णय बदलला नाही, आणि आपल्या दृष्टीनं हेच महत्त्वाचं. चित्र आवडणं वेगळं, ते काढू देणं वेगळं.