स्मृतिभ्रंशाची यांत्रिक पारख आणि मराठीची बोली : धारूर तालुक्याच्या संदर्भात काही विचार

मराठीत ‘म्हातारचळ’ असा एक जुना शब्द आहे आणि ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तर सर्वतोमुखी आहे. ह्या दोहोंच्या मुळाशी एकच समजूत दिसते. वय झाले की बुद्धी जावयाचीच, त्यात रोग असा काही नाही आणि म्हणून उपायही काही नाही, अशी ती समजूत होय. वैद्यकशास्त्राचा निर्णय मात्र निराळा आहे. १९०६ साली आलोइस अल्झायमर ह्या जर्मन वैद्याने एका मृत स्त्रीच्या मेंदूची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून त्यात आढळलेले विकृत थर व तंतूंची गुंतागुंत ह्यांचे वर्णन केले. तेव्हापासून स्मृतिभ्रंश हा वार्धक्याचा धर्म नसून मेंदूच्या व्याधींचा परिणाम आहे, हे मत क्रमाने दृढ होत गेले. विस्मरण वार्धक्यात थोडेफार वाढतेच. परंतु रोजचा व्यवहार ज्यामुळे अडतो असे विस्मरण, भाषेची व दिशेची भूल, स्वभावातील पालट ही लक्षणे एकत्र दिसू लागली म्हणजे तो निव्वळ वयाचा दोष म्हणून सोडून देता येत नाही.

ह्या व्याधीचा आपल्या देशातील विस्तार केवढा आहे, ह्याचा भरवशाचा अंदाज अलीकडेच हाती आला. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्थेने २०१७-१८ साली वार्धक्याविषयीचे जे देशव्यापी सर्वेक्षण केले, त्यातील सुमारे चार हजार वृद्धांची स्मृती व बुद्धी ह्यांच्या दृष्टीने पुढे अधिक खोल तपासणी झाली. ह्या कामात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचा व अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा सहभाग होता. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे भारतातील साठ वर्षांवरील व्यक्तींत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण शेकडा ७.४, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती, इतके आहे. पुरुषांत ते ५.८ तर स्त्रियांत ९ आहे, शहरांत ५.३ तर खेड्यांत ८.४ आहे. ह्या कामात अंकीय तंत्रविद्येचा उपयोग दोन प्रकारे झाला. गावोगावी नोंदविलेली उत्तरे तज्ज्ञांनी आपापल्या ठिकाणी संगणकावर वाचली व परस्परांशी विचारविनिमय करून निदान ठरविले, हा पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकारात तज्ज्ञांच्या ह्या निर्णयांवरून संगणकास शिकवून त्याच्याकरवी मूळ सर्वेक्षणातील तीस हजारांहून अधिक वृद्धांविषयी अनुमान काढण्यात आले. हा दुसरा अंदाज शेकडा ८.४४ इतका निघाला.

धारूरसारख्या तालुक्याच्या दृष्टीने ह्या आकड्यांना विशेष अर्थ आहे. बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेले आणि आपल्या किल्ल्यामुळे ‘किल्ले धारूर’ म्हणून ओळखले जाणारे हे गाव बीड जिल्ह्यात आहे. ऊसतोडीसाठी बाहेर पडणाऱ्या मजुरांचा जिल्हा म्हणून बीडची ख्याती आहे. पती व पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. दसरा-दिवाळी उलटली की असे हजारो कोयते पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि हंगाम सरल्यावर परततात. मागे घरी राहतात ती म्हातारी माणसे व त्यांच्या स्वाधीन केलेली नातवंडे. स्मृतिभ्रंशाच्या निदानात रुग्णाच्या उत्तरांइतकेच महत्त्व घरच्या माणसाच्या साक्षीला असते. तोच प्रश्न आई पुनःपुन्हा विचारू लागली आहे, चुलीवर ठेवलेले विसरू लागली आहे, हे प्रथम ध्यानात येते ते सुनेच्या वा मुलाच्या. जेथे हा साक्षीदारच वर्षातील पाच-सहा महिने परगावी असतो, तेथे व्याधी उशिरा ध्यानात येणे स्वाभाविक आहे. म्हणूनच माणसाच्या गैरहजेरीत यंत्राने ही पारख काही अंशी करावी, हा विचार अशा तालुक्यात केवळ कुतूहलाचा राहत नाही.

ह्या यांत्रिक पारखीचे एक मुख्य साधन भाषा हे आहे. बोलताना मनुष्य आठवतो, निवडतो, क्रम लावतो आणि मागे काय बोललो हेही ध्यानी ठेवतो. ह्या क्रियांत बिघाड झाला की त्याची खूण वाक्यावर उमटते. अमेरिकेतील जोगिणींच्या एका संघातील ९३ स्त्रियांनी तरुणपणी, सुमारे बाविसाव्या वर्षी, लिहिलेली आत्मवृत्ते डेव्हिड स्नोडन व त्यांचे सहकारी ह्यांनी तपासली. त्यांचा निबंध १९९६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या लेखनात दर दहा शब्दांमागे कल्पनांची संख्या कमी होती, त्यांच्यात पुढे वार्धक्यात बुद्धीची क्षीणता अधिक दिसली. आयरिस मर्डॉक ह्या कादंबरीकर्त्रीस आयुष्याच्या अखेरीस अल्झायमरचा रोग जडला. २००५ साली तिच्या तीन कादंबऱ्यांची तुलना झाली, तेव्हा १९९५ सालच्या शेवटच्या कादंबरीत वाक्यरचना बरीचशी शाबूत, परंतु शब्दसंग्रह आकसलेला असल्याचे आढळले. व्याकरण टिकून राहते आणि नेमके नाम आधी निसटते, हा त्यातील बोध भाषाभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगा आहे.

संगणक हीच परीक्षा मोजमापाने करतो. रुग्णास एक चित्र दाखवून त्याचे वर्णन करावयास सांगतात व ते ध्वनिमुद्रित करतात. मग बोलण्याची गती, दोन शब्दांमधील विराम, नामांच्या जागी आलेली सर्वनामे, पुनरुक्ती, वाक्यांची लांबी, चित्रातील किती गोष्टी सांगितल्या गेल्या, अशी शेकडो लक्षणे गणून निरोगी व रुग्ण ह्यांच्या बोलण्यातील भेद यंत्र शिकते. टोरोंटो येथील संशोधकांनी २०१६ साली ह्या पद्धतीने शंभरांतील ८१ हून अधिक नमुने अचूक ओळखले. २०२० साली अशाच एका स्पर्धेसाठी ७८ रुग्ण व ७८ निरोगी व्यक्तींची ध्वनिमुद्रणे जगभरच्या अभ्यासकांना पुरविण्यात आली. भाषेखेरीज अन्य मार्गही आहेत. घड्याळाचे चित्र अंकीय लेखणीने काढून घेतले असता हात किती वेळ थबकला हेही कळते. २०१६ साली निघालेल्या ‘सी हीरो क्वेस्ट’ ह्या भ्रमणध्वनीवरील खेळातून चाळीस लाखांहून अधिक लोकांच्या दिशाज्ञानाची नोंद झाली.

परंतु ही साधने ज्या समाजासाठी घडली, त्याच्या खुणा त्यांच्या अंगावर आहेत. वर उल्लेखिलेले चित्र १९७२ सालच्या बॉस्टन येथील एका कसोटीतील आहे. त्यात स्वयंपाकघरातील नळाचे पाणी वाहून जात आहे, आई बशा पुसत आहे आणि मुलगा तिवईवर चढून बिस्किटे चोरीत आहे. धारूरच्या ज्या आजीने जन्मभर चुलीपुढे बसून भाकरी थापली, तिने ह्या चित्रापुढे मौन धरले तर तो तिच्या स्मृतीचा दोष मानावयाचा काय? तीच गोष्ट तारखेची. आजची तारीख न सांगता येणारी व्यक्ती आज कोणती तिथी आहे व मृग लागून किती दिवस झाले हे बिनचूक सांगू शकते. घड्याळाचे चित्र काढावयास सांगणे म्हणजे ज्याने हाती कधी लेखणीच धरली नाही, त्याची परीक्षा लेखणीने घेणे होय. ही अडचण ओळखूनच १९९५ साली हरियाणातील बल्लभगढ येथे निरक्षर ग्रामीण वृद्धांना देता येईल अशी हिंदी कसोटी तयार झाली. पुढे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने आपला कसोटीसंच सिद्ध केला. त्याचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मलयाळम ह्या पाच भाषांत होता. ह्या पहिल्या पंक्तीत मराठी नव्हती, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकांनी मनास लावून घ्यावी अशी आहे.

मराठीसाठी अशी कसोटी करावयाची म्हणजे इंग्रजी प्रश्नांचे भाषांतर करावयाचे, असा समज होण्याचा संभव आहे. तो समज घातक ठरेल. इंग्रजीत सर्वनामांची वाढ हे व्याधीचे एक लक्षण गणले जाते. मराठीत ‘बाजारात गेली अन् मीठ घेऊन आली’ ह्या वाक्यात एकही सर्वनाम नाही आणि तरीही क्रियापदाच्या रूपावरून कर्ता एकवचनी व स्त्रीलिंगी असल्याचे कळते. तेव्हा येथे मोजावयाचे ते सर्वनाम नसून, ऐकणाऱ्यास कोणाविषयी बोलणे चालले आहे ह्याचा माग लागतो की नाही, हे आहे. ‘चहाबिहा’, ‘हळूहळू’, ‘घरोघरी’ ही द्विरुक्ती आपल्या भाषेचे सहज अलंकरण आहे. अडाणी यंत्र तिला पुनरुक्तीचा दोष समजेल. अमुक अक्षराने आरंभ होणारे शब्द सांगा, हा प्रश्नही जशाचा तसा चालत नाही. ज्यास अक्षरओळख नाही त्याच्या मनात शब्द अक्षरांच्या क्रमाने मांडलेले नसतात. त्यापेक्षा एका मिनिटात जनावरांची किंवा धान्यांची नावे सांगावयास सांगणे अधिक न्याय्य होय.

याहूनही मोठा प्रश्न बोलीचा आहे. धारूरकडील माणूस ‘जेवतो आहे’ असे न म्हणता ‘जेवायलो’ म्हणतो, ‘काय करतो आहेस’ ह्याऐवजी ‘काय करायलास’ असे विचारतो. ही रूपे नियमबद्ध आहेत आणि त्यांना आपले स्वतंत्र व्याकरण आहे. परंतु ज्या यंत्राने प्रमाण मराठीच ऐकली आहे, ते ह्या रूपांना चुका तरी ठरवील किंवा परस्पर प्रमाण रूपात बदलून टाकील. पहिल्या प्रकाराने बोलीलाच रोग ठरविले जाईल. दुसऱ्या प्रकाराने बोलण्यातील खरी अडखळ पुसली जाईल. दोन्ही प्रकारे हानी रुग्णाचीच. २०२२ साली सुरू झालेल्या ‘भाषिणी’ ह्या शासकीय उपक्रमामुळे व मद्रासच्या तंत्रविद्या संस्थेतील अभ्यासकांच्या कामामुळे मराठीसह बावीस भाषांची ध्वनिमुद्रणे आता जमत आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि वृद्धांचा कापरा आवाज, दात पडल्यामुळे बदललेले उच्चार आणि बालाघाटावरील बोली हे तिन्ही एकत्र असलेले नमुने मुद्दाम गोळा केल्यावाचून हा प्रश्न सुटणार नाही. जात्यावरील ओव्यांचा एक लाखाहून अधिक संख्येचा संग्रह झाला आहे. परंतु ह्या कामी तो पुरा पडणार नाही, कारण लहानपणापासून म्हणून म्हणून पाठ झालेली ओवी व्याधी बळावल्यावरही पुष्कळदा टिकून राहते. पारख करावयाची ती ओवीवरून नव्हे, तर मागल्या बाजारची हकीकत स्वतःच्या शब्दांत सांगण्यावरून.

भाषेची एक बाजू आशादायकही आहे. हैदराबाद येथे ६४८ रुग्णांचा अभ्यास करून सुवर्णा अल्लादी व सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखविले की, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची सुरुवात सरासरी साडेचार वर्षांनी उशिरा झाली. निरक्षरांतही हा लाभ दिसून आला. धारूर १९४८ पर्यंत त्याच हैदराबाद संस्थानात होते. दखनी व मराठी, किंवा तांड्यावरची बंजारा बोली व मराठी, अशा दोन भाषांत सहज वावरणारी माणसे ह्या भागात आजही आहेत. मात्र मराठी दुसरी भाषा असलेल्या अशा व्यक्तीची परीक्षा केवळ मराठीत घेणे हाही अन्यायच होईल.

यंत्राच्या निर्णयाचे मोल किती, हे साध्या गणिताने समजते. एखाद्या भागात एक हजार वृद्ध आहेत असे धरू. वरील प्रमाणानुसार त्यांत ७४ रुग्ण असतील. कसोटी रुग्ण व निरोगी ह्या दोघांनाही शेकडा ८० इतक्या अचूकतेने ओळखते असे मानले, तर ७४ पैकी ५९ ओळखले जातील व १५ निसटतील. उलट ९२६ निरोगी व्यक्तींपैकी १८५ जणांवर रोगाचा शिक्का बसेल. म्हणजे यंत्राने बोट दाखविलेल्या २४४ जणांत खरे रुग्ण चारांत एक. म्हणून यंत्राचे उत्तर हे निदान नसून ‘वैद्याकडे जा’ एवढीच सूचना होय. शेवटचा शब्द वैद्याचाच असला पाहिजे. जवळच अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, ही ह्या दृष्टीने सोयीची गोष्ट होय. वैद्याकडे जाण्याचा आणखी एक लाभ असा की, थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मनाची खिन्नता ह्यांनीही स्मृती मंदावते आणि ही कारणे बरी होण्याजोगी असतात. आशा स्वयंसेविकांच्या तपासणीपत्रकात जवळच्यांची नावे वा घरचा पत्ता विसरता काय, असा प्रश्न साठीवरील व्यक्तींसाठी आधीच आहे. यंत्राने ह्या प्रश्नाला जोड द्यावी, त्याची जागा घेऊ नये.

पारखीइतकेच महत्त्व प्रतिबंधाला आहे. ‘लॅन्सेट’च्या अभ्यासमंडळाने २०२४ साली असा निर्वाळा दिला की, चौदा कारणांचे निवारण झाल्यास जगातील शेकडा ४५ स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल. शिक्षणाचा अभाव, कमी ऐकू येणे, कमी दिसणे, रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचे धूम्रपान, एकटेपणा ही त्यांपैकी काही. ह्यातील रक्तदाब मोजणे, कान तपासणे, मोतीबिंदू काढणे ही कामे तालुक्याच्या गावीही होण्याजोगी आहेत. खेड्यातील स्त्रियांत हे प्रमाण अधिक का, ह्याचे उत्तर त्यांना न मिळालेल्या शाळेत काही अंशी सापडते.

अखेरचा प्रश्न संमतीचा आहे. ज्याची स्मृती क्षीण होत आहे, त्याचा आवाज टिपावयाचा तर त्याला त्याचा हेतू समजेल अशा भाषेत तो सांगितला पाहिजे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ सालचा कायदा संमती मागतो. ती बोलीभाषेत समजावून घेणे हे भाषाभ्यासकाचे काम आहे. सर्वांत निर्दोष मार्ग बहुधा हा होय की, प्रत्येक वृद्धाची तुलना दूरच्या कोणा अपरिचिताशी न करता त्याच्या स्वतःच्या वर्षभरापूर्वीच्या बोलण्याशी करावी. असे केले म्हणजे बोली, शिक्षण व जात-जमात ह्यांचे भेद आपोआप बाजूला पडतात आणि शिल्लक राहतो तो खरा पालट. त्यासाठी पहिले ध्वनिमुद्रण व्याधीच्या आधीच झालेले असावे लागते. कोयते कारखान्याकडे निघण्यापूर्वी, घरातील सर्व माणसे एकत्र असताना ते करून ठेवणे अशक्य नाही. आणि हंगाम संपवून मुले परततील तेव्हा आईच्या बोलण्यात पडलेला फरक त्यांना सांगता येईल असा दुसरा साक्षीदार घरी असेल.