आंतरतारकीय यानाला ब्रेक कसा लावायचा?

एक प्रश्न वर्गात विचारून पाहा. दूरच्या ताऱ्याकडे निघालेल्या यानाचे मुख्य इंजिन वाटेत बंद पडले, तर यानाचे काय होईल? ‘यान थांबेल’ हे उत्तर हमखास मिळते, आणि न्यूटनचा पहिला नियम तोंडपाठ असलेली मुलेही ते देतात. यात त्यांचा फारसा दोष नाही. पायडल मारणे सोडले की सायकल थांबते, हा त्यांचा रोजचा अनुभव. रस्त्याचे घर्षण आणि हवेचा रोध हे दोन ब्रेक पृथ्वीवर आपल्याला न मागता मिळतात, म्हणून ते आहेत हेच आपण विसरतो.

अवकाशात हे दोन्ही नाहीत. तेथे इंजिन बिघडलेल्या यानाची खरी अडचण ‘पुढे कसे जायचे’ ही नसून ‘थांबायचे कसे’ ही असते.

हा प्रसंग अगदीच काल्पनिक नाही. जपानचे ‘आकात्सुकी’ हे यान २१ मे २०१० रोजी शुक्राकडे निघाले. ७ डिसेंबर २०१० रोजी शुक्राजवळ पोहोचल्यावर त्याने मुख्य इंजिन सुमारे बारा मिनिटे चालवून वेग कमी करायचा होता, म्हणजे शुक्राचे गुरुत्वाकर्षण त्याला पकडून ठेवू शकले असते. इंजिन अडीच मिनिटांच्या आसपास चालले आणि बंद पडले. इंधनावर दाब देणाऱ्या हेलियमच्या वाटेतील एका झडपेत क्षार साचला होता. त्यामुळे इंधन कमी पडून मिश्रणाचे प्रमाण बिघडले आणि इंजिन अति तापले. यान शुक्राला ओलांडून सूर्याभोवती फिरत राहिले. पुढे शास्त्रज्ञांनी एक धाडसी निर्णय घेतला. मुख्य इंजिनावरची आशा सोडून त्यासाठी बाळगलेला ६५ किलो ऑक्सिडीकारक त्यांनी २०११ मध्ये अवकाशात सोडून दिला. त्यामुळे यान हलके झाले. बरोबर पाच वर्षांनी, ७ डिसेंबर २०१५ रोजी, यानाची दिशा सांभाळण्यासाठी असलेली चार छोटी रॉकेट-इंजिने वीस मिनिटे चालवून ‘आकात्सुकी’ शुक्राभोवतीच्या कक्षेत नेण्यात आले. एप्रिल २०२४ मध्ये संपर्क तुटेपर्यंत ते तेथे काम करीत होते.

आपल्या मंगळयानाच्या वेळीही हीच धास्ती होती. सुमारे तीनशे दिवस झोपलेले ४४० न्यूटनचे इंजिन ऐन वेळी जागे होईल का? २२ सप्टेंबर २०१४ रोजी ते चार सेकंद चालवून पाहिले गेले. ते चाललेच नसते, तर २२ न्यूटनची आठ छोटी इंजिने वापरण्याची तयारी होती. तशी वेळ आली नाही.

मग ताऱ्याकडे जाणाऱ्या यानालाही छोटी इंजिने का पुरू नयेत? उत्तर वेगात आहे. मंगळ किंवा शुक्रापाशी सेकंदाला सुमारे एक किलोमीटर एवढाच वेग कमी करायचा असतो. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे. सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या व्हॉयेजर-१ ला एवढे अंतर कापायला सुमारे ७५ हजार वर्षे लागतील. माणसाच्या हिशेबात बसेल अशा काळात पोहोचायचे, तर प्रकाशाच्या एकदशांश, म्हणजे सेकंदाला ३० हजार किलोमीटर वेग हवा. या वेगाने जाणाऱ्या एक किलो वस्तूची गतिज ऊर्जा ४.५ × १०^१४ ज्यूल, म्हणजे साडेबारा कोटी युनिट विजेइतकी भरते. एवढी ऊर्जा यानाच्या प्रत्येक किलोमधून काढून घ्यायची आहे. साध्या रासायनिक इंधनाच्या झोताचा वेग सेकंदाला सुमारे तीन किलोमीटर असतो. त्याने ३० हजारांचा वेग मारायचा, तर रॉकेटच्या सूत्राप्रमाणे इंधन आणि यान यांचे गुणोत्तर एकावर चार हजारांहून अधिक शून्ये इतके येते. दृश्य विश्वातील एकूण अणू मोजायला एकावर ऐंशी शून्ये पुरतात! छोट्या इंजिनांचा विषय येथेच संपला.

ग्रहाच्या वातावरणात घुसून वेग मारावा, असे कोणी हुशार विद्यार्थी सुचवील. मंगळावर ही युक्ती चालते. पण आपले यान दहा हजार किलोमीटर जाडीचे वातावरणसुद्धा सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात पार करील. तेवढ्या वेळात थांबणे म्हणजे स्फोट होणे. ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाचाही उपयोग नाही. सूर्यासारख्या ताऱ्याच्या अगदी पृष्ठभागाला चाटून गेले, तरी यानाची दिशा अंशाच्या चाळिसाव्या भागाइतकीच वळेल, आणि जवळ येताना वाढलेला वेग दूर जाताना तेवढाच घटून मूळचा वेग शिल्लक राहील. १९७० च्या दशकात ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीने आखलेल्या ‘डिडॅलस’ यानात तर थांबण्याचा विचारच नव्हता. ५४ हजार टनांच्या त्या यानात ५० हजार टन इंधन होते, आणि तेही फक्त वेग घेण्यासाठी. पन्नास वर्षांच्या प्रवासानंतर ते बर्नार्डच्या ताऱ्याजवळून तसेच पुढे निघून जाणार होते.

मिलिग्रॅमचा हिशेब

थांबायचे तर कशाला तरी ढकलले पाहिजे. इंजिन असते तेव्हा यान आपल्याच इंधनाला ढकलते. ते नसेल, तर वाटेत जे भेटेल त्याला ढकलायचे. वाटेत काय आहे?

अगदीच निर्वात नाही. व्हॉयेजर-१ ने ऑगस्ट २०१२ मध्ये सौरवाऱ्याची हद्द ओलांडली. त्याच्या मोजणीतून तेथे प्रत्येक घन सेंटिमीटरमध्ये साधारण ०.०८ इलेक्ट्रॉन आहेत असे दिसले. तितकेच प्रोटॉनही असणार. हिशेबाला सोपा म्हणून आपण ०.१ हा आकडा घेऊ. आता एक चौरस मीटर तोंडाची आणि एक प्रकाशवर्ष लांबीची नळी डोळ्यांपुढे आणा. तिच्यातील सगळे प्रोटॉन गोळा केले, तर वजन भरेल सुमारे १.६ मिलिग्रॅम. मिठाचे थोडे दाणे!

या एवढ्याशा ऐवजातून ब्रेक तयार करायचा आहे. तो किती लागेल, हे संवेग अक्षय्यतेच्या नियमावरून कळते. प्रयोगशाळेतील ढकलगाडी सपाट टेबलावरून सोडा आणि जाताना तिच्यावर तिच्याच वजनाची वाळूची पिशवी अलगद ठेवा. वेग निम्मा होतो. यानाचेही तसेच. आपल्याच वजनाइतका वायू वाटेत अंगावर घेतला, की वेग निम्म्यावर येईल. यानाचा मूळ वेग कितीही असो, हा हिशेब बदलत नाही.

समजा यान १०० टनांचे आहे आणि ब्रेक लावायला तीन प्रकाशवर्षांची वाट शिल्लक आहे. प्रत्येक चौरस मीटरला ४.७ मिलिग्रॅम मिळणार. म्हणजे १०० टन गोळा करायला २१ हजार चौरस किलोमीटरचे तोंड हवे. महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा अहिल्यानगर. आपल्याला त्याहूनही मोठे जाळे पसरायचे आहे. ते कापडाचे असू शकत नाही. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतके पातळ प्लास्टिक घेतले, तरी त्याचेच वजन तीस हजार टनांच्या घरात जाईल, आणि एवढ्या वेगाचे प्रोटॉन त्यातून आरपार जातील ते वेगळेच.

वजन नसलेले जाळे हवे. प्रोटॉनवर विद्युतभार असल्यामुळे असे जाळे चुंबकीय क्षेत्राचे करता येते.

ही कल्पना कशी सुचली, ते सांगण्याजोगे आहे. १९६० मध्ये रॉबर्ट बसार्ड यांनी एक सुंदर योजना मांडली होती. प्रचंड चुंबकीय नरसाळ्याने वाटेतील हायड्रोजन गोळा करायचा, त्याचे संमीलन घडवायचे आणि त्या ऊर्जेवर पुढे जायचे, म्हणजे इंधन बरोबर न्यायलाच नको. डॅना अँड्र्यूज आणि रॉबर्ट झुब्रिन यांनी १९८० च्या दशकात असल्या नरसाळ्याचा हिशेब केला, तेव्हा भलतेच निघाले. नरसाळ्यामुळे मिळणाऱ्या रेट्यापेक्षा त्याच्यामुळे होणारा रोधच जास्त! इंजिन म्हणून ही योजना लंगडी पडली. पण जे इंजिन म्हणून वाईट, ते ब्रेक म्हणून उत्तम, हे दोघांच्या ध्यानात आले. १९८८ मध्ये त्यांनी ‘चुंबकीय शीड’ मांडले. आमच्या मते या सगळ्या विषयातील ही सर्वांत शहाणपणाची कल्पना आहे.

रचना सोपी आहे. अतिसंवाहक तारेचे एक मोठे वेटोळे यानाला दोरांनी बांधायचे आणि त्यातून वीज सोडायची. वेटोळ्याची त्रिज्या ५० किलोमीटर आणि प्रवाह आठ लाख अँपिअर धरला, तर समोरून येणारे प्रोटॉन सुमारे १०० किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात अडवले जातात, असे गणित सांगते. एवढा प्रवाह सुरू करायला साधारण एक लाख युनिट वीज लागेल. बारा किलोवॅटचे जनित्र वर्षभर चालवले की झाले. अतिसंवाहकात एकदा सुरू झालेला प्रवाह आपोआप चालू राहतो, आणि दोन ताऱ्यांच्या मधल्या थंडीत तार थंड ठेवण्याचा खर्चही जवळजवळ नाही.

खरी गाठ तारेच्या वजनाशी आहे. वेटोळ्याला ३१४ किलोमीटर तार लागते. तिचा छेद एक चौरस सेंटिमीटर धरला, तर वजन २०० टनांच्या आसपास जाते, म्हणजे यानापेक्षा तारच जड. छेद पाव चौरस सेंटिमीटरवर आणला तर जमते, पण एवढ्या बारीक तारेतून आठ लाख अँपिअर नेणे आज बाजारात मिळणाऱ्या अतिसंवाहक तारांना शक्य नाही. तारेत सुधारणा होईल असे धरून पुढे जाऊ.

किती वर्षे?

यानाचा वेग घटतो तसा समोरच्या वायूचा दाबही घटतो आणि चुंबकीय जाळे थोडे अधिक पसरते. तरीही एकूण रोध कमीच होत जातो. तारेसकट १०० टन धरलेल्या आपल्या यानाचा वेग निम्मा व्हायला सुमारे १६ वर्षे लागतात, आठव्या हिश्शावर यायला ६० वर्षे, आणि सत्ताविसाव्या हिश्शावर यायला १२० वर्षे. तोवर गतिज ऊर्जा सातशे पटींहून कमी झालेली असते, पण वेग अजून सेकंदाला अकराशे किलोमीटर आहे. तो शंभरावर यायला तीनशेहून अधिक वर्षे जातात. हा ब्रेक मोटारीच्या ब्रेकसारखा नाही, पाण्यात वल्ही मारणे थांबवलेल्या होडीसारखा आहे. अगदी अखेरीस, ताऱ्याजवळ गेल्यावर, ताऱ्याचा वारा समोरून येतो आणि थोडी मदत करतो. यान अगदी हलके असेल तर ताऱ्याचा प्रकाशही उपयोगी पडतो. रेने हेलर आणि मायकेल हिप्के यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, १०० ग्रॅमहून हलक्या यानाला एक लाख चौरस मीटरचे शीड लावले, तर प्रकाशाच्या ४.६ टक्के वेगाने आलेले ते यान अल्फा सेंटॉरीच्या जोडताऱ्यांच्या प्रकाशाने थांबवता येईल. सूर्यप्रकाशाच्या शिडावर ग्रहांच्या मधून जाणारे पहिले यान, जपानचे ‘इकारोस’, ‘आकात्सुकी’बरोबर एकाच अग्निबाणातून निघाले होते, हा योगायोग गमतीचा आहे. मात्र शंभर टनांना प्रकाशाचा रेटा पुरत नाही.

या हिशेबातून एक कठीण निर्णय समोर येतो. इंजिन धड असते, तर ते ताऱ्याच्या बरेच जवळ गेल्यावर सुरू केले तरी चालले असते. वायूच्या ब्रेकला मात्र तीन प्रकाशवर्षांची वाट हवी, म्हणजे प्रॉक्सिमाकडे जाताना पृथ्वीपासून सव्वा प्रकाशवर्षावर तो लावायला हवा. इंजिन नादुरुस्त आहे हे तोपर्यंत कळले पाहिजे. पृथ्वीला विचारून उत्तर यायला अडीच वर्षे, आणि तेवढ्यात यान पाव प्रकाशवर्ष पुढे गेलेले. इंजिनाची चाचणी ऐन वेळी घेऊन येथे भागणार नाही.

दुसरे असे की, १०० टन हे वजन इंजिनाशिवायचे आहे. इंजिन आणि थांबण्यासाठी राखलेले इंधन धरून यान ४०० टनांचे असेल, तर तेच वेटोळे त्याला थांबवायला बारा प्रकाशवर्षे घेईल आणि तारा केव्हाच मागे पडेल. चौपट वजनाला चौपट वाट. म्हणजे ब्रेक लावण्याआधी इंजिन आणि इंधन टाकून द्यावे लागणार. ‘आकात्सुकी’च्या शास्त्रज्ञांनी ६५ किलो टाकले, येथे ३०० टन टाकायचे आहेत, आणि त्यानंतर इंजिन दुरुस्त होईल या आशेला जागा उरत नाही.

टाकलेले ते इंजिन काही मागे पडणार नाही. त्याला कोणी अडवलेले नाही, त्यामुळे ते सेकंदाला तीस हजार किलोमीटर या आपल्या वेगाने त्याच ताऱ्याकडे जात राहील. सोडताना त्याला बाजूला हलका धक्का द्यायला हवा, नाहीतर एखाद्या ग्रहावर ते तीस हजार मेगाटन टीएनटीच्या ऊर्जेने आदळेल. यान अर्ध्याहून थोड्या अधिक वाटेवर रेंगाळत असेल, तेव्हा तीस वर्षांत हे बंद पडलेले इंजिन ताऱ्याला ओलांडून पलीकडे गेलेले असेल.