सोपारा बंदर पुन्हा कसे दिसेल?

माहुलची खाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना बंदर कसे बुजते हे फार समजावून सांगायला नको. ओहोटी लागली की केवढा चिखल उघडा पडतो! थंडीच्या दिवसांत त्यात रोहित पक्षी चरतात आणि होडी मात्र भरतीची वाट पाहत तिरकी पडून राहते. गाळ वर्षानुवर्षे साचत गेला आणि कोणी उपसला नाही, तर होडी पूर्वी कुठे लागत होती हे नातवंडांना बोटाने दाखवावे लागते.

मुंबईच्या उत्तरेला एक मोठे बंदर असेच गाळात गेले. त्याचे नाव सोपारा. विरार लोकलमध्ये नालासोपारा हे स्टेशन लागते ना? तेच हे. महाभारतात याला शूर्पारक म्हटले आहे आणि बौद्धांच्या पाली ग्रंथांत सुप्पारक. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली. त्यात किनाऱ्यावरच्या बाजारपेठांत सोपारा आणि कल्याण ही दोन्ही नावे आहेत. नाशिकच्या लेण्यात उषवदात नावाच्या सरदाराचा लेख आहे. आपण सोपाऱ्यात वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधली, असे तो त्यात सांगतो.

आज तिथे गेलात तर काय दिसेल? इमारती, चाळी, दुकाने, रिक्षा. स्टेशनच्या पश्चिमेला विटांचा एक जुना ढिगारा आहे, त्याला लोक बुरुड राजाचा कोट म्हणत आले. बाकीचे शहर कुठे आहे? ते पायाखाली आहे.

असे मातीखालचे शहर हल्ली संगणकावर, म्हणजे कॉम्प्युटरवर, पुन्हा उभे करतात. त्यात लांबी, रुंदी आणि उंची ही तिन्ही असतात. पडद्यावर पाहणारा माणूस रस्त्याने चालतो, दारातून आत जातो, जिना चढतो. तुम्ही म्हणाल, हा तर सिनेमा झाला! तसे नव्हे. सिनेमात मनाला येईल ती भिंत उभारता येते. इथे प्रत्येक भिंतीला विचारावे लागते, बाई, तू कशावरून?

हे काम जिथे झाले आहे, तिथे आधी जाऊन येऊ. यरुशलेम हे बायबलातले नामांकित शहर. तिथे हेरोद राजाने यहुदी लोकांचे मंदिर भव्य करून बांधले होते. इ. स. ७० साली रोमन सैन्याने ते पाडले. मंदिराच्या चौथऱ्याच्या भिंती तेवढ्या राहिल्या. त्यांतल्या एका भिंतीतून कमानीचे काही दगड बाहेर आलेले होते. १८३८ साली एडवर्ड रॉबिन्सन या अमेरिकन अभ्यासकाने ते टिपून ठेवले. पुढे शंभराहून अधिक वर्षे बहुतेक पंडितांनी सांगितले की हा पुलाचा तुकडा आहे. चित्रेही पुलाचीच निघाली. मग १९६८ पासून बेंजामिन मझार यांनी तिथली जमीन खणली. कमानीसमोरच्या खांबाचा पाया सापडला, पण त्यापलीकडे पुलाला लागणारे खांब सापडेनात. पूल नव्हताच! तो खालच्या रस्त्यावर उतरणारा मोठा जिना होता.

त्याच कोपऱ्याच्या पायथ्याशी वरून कोसळलेला एक दगड मिळाला. त्यावर अक्षरे होती. अर्थ असा की ही तुतारी वाजवण्याची जागा. एका दगडाने भिंतीचा माथा दाखवला, आणि तिथे कोण उभे राहत होते हेही सांगितले.

याच यरुशलेमची पन्नासपट लहान प्रतिकृती १९६६ साली एका हॉटेलच्या आवारात दगडाची बांधली होती. ती सुंदर आहे, पण दगडी प्रतिकृतीत पूल काढून जिना घालायचा तर छिन्नी-हातोडा घ्यावा लागतो. संगणकावर ते काम बसल्या जागी होते. २००१ साली अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाने इस्रायलच्या पुरातत्त्व खात्याबरोबर हेरोदाचे मंदिर संगणकावर उभे केले.

आता ही मापे कशी घेतात ते पाहा. स्वतःचे बोट डोळ्यांसमोर धरा. आधी डावा डोळा मिटा, मग तो उघडून उजवा मिटा. बोट जागचे हलले असे वाटते. बोट जवळ असले तर जास्त हलते, लांब असले तर कमी. म्हणजे दोन जागांहून पाहिले की वस्तू किती लांब आहे हे कळते. जुन्या भिंतीचे चारी बाजूंनी शेकडो फोटो काढतात, आणि संगणक हेच गणित प्रत्येक ठिपक्यासाठी करतो. दुसरे एक यंत्र प्रकाशाचा किरण सोडते आणि तो भिंतीवर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजते. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. त्यावरून यंत्र अंतर सांगते.

पण हे झाले दगडविटांचे. गरिबाचे घर कुडाचे, ते तर कुजून जाते. त्याचे माप कसे घ्यायचे?

याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात सापडले आहे. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी खोदकाम केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथे शेतकरी राहू लागले होते. त्यांच्या मेढी केव्हाच कुजल्या होत्या. पण मेढ पुरलेल्या खड्ड्यातली माती भोवतालच्या मातीहून रंगाने वेगळी आणि भुसभुशीत असते. असे खड्डे एकेक टिपत गेले की घराचा आकार जमिनीवर उमटतो. आधीच्या काळातली घरे मोठी आणि चौकोनी निघाली. शेवटच्या काळात लहान लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी झाला, शेती खालावली, माणसे गरीब झाली, असा अर्थ संशोधकांनी त्यावरून काढला. छप्पर कसे असेल हे समजायला त्यांनी आजच्या साध्या झोपड्यांकडेही पाहिले. मेढ किती खोल पुरावी, कूड कसा लिंपावा हे ज्ञान पुस्तकात फारसे नसते. ते झोपडी बांधणाऱ्याच्या हातात असते.

आता आपल्या माहुलचेच घ्या. समजा, हजार वर्षांनी कोणी परका माणूस माहुलचे चित्र काढायला बसला. जाळी कुजलेली, होड्यांचे लाकूड गेलेले, बोंबील वाळवायचे बांबूही गेलेले. १९५५ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या तेलशुद्धीच्या कारखान्यांचे पाये मात्र शाबूत असतील. तो बेधडक लिहील की इथे तेलवाल्यांचे शहर होते! कोळीवाडा त्याला दिसेल तो जाळ्याच्या शिशाच्या गोळ्यांत, माशांच्या काट्यांत आणि शिंपल्यांच्या ढिगात. तेही त्याने नीट पाहिले तर.

सोपाऱ्याला परत येऊ. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरुड राजाचा कोट खणला. हे भाऊ दाजींच्या हाताखाली तयार झालेले मोठे विद्वान. कोट म्हणजे किल्ला नव्हता, तो बौद्धांचा स्तूप होता. मधोमध विटांच्या पोकळीत एक दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याची डबी, तांब्याच्या डबीत चांदीची, तिच्यात दगडाची, तिच्यात स्फटिकाची, आणि सर्वांत आत सोन्याची. सोन्याच्या डबीत काय असेल? हिरे? मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे होते. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून कोणीतरी भक्तीने जपून ठेवले होते.

पेटीत बुद्धांच्या आठ लहान मूर्तीही होत्या, आणि सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याचे चांदीचे नाणे होते. नाणे दुसऱ्या शतकातले. मूर्ती सुमारे आठव्या-नवव्या शतकातल्या मानतात. म्हणजे स्तूप एकदाच बांधून बंद केलेला नव्हता, पुढे कोणीतरी तो उघडून पुन्हा पूजा केली. मग संगणकावर कोणते सोपारे काढायचे? नाण्याच्या काळातले की मूर्तींच्या? दोन्ही एकाच चित्रात घातली तर ते आजोबा आणि नातू एकाच वयाचे दाखवल्यासारखे होईल.

दुसरा मोह याहून मोठा. बायबलात शलमोन राजाची गोष्ट आहे. त्याची जहाजे ओफीर नावाच्या ठिकाणी गेली आणि ४२० किक्कार सोने घेऊन आली. किक्कार हे त्या काळचे भारी वजन. बायबलाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात ओफीरचे नाव सोफीर असे येते. झाले! सोफीर म्हणजेच सोपारा, असे एकोणिसाव्या शतकात काही विद्वान म्हणू लागले. दुसरे कोणी ओफीर अरबस्तानात दाखवतात, कोणी आफ्रिकेत. ओफीरचे सोने ही केवळ कहाणी नव्हे. १९४६ साली तेल अवीवजवळ खापराचा एक तुकडा मिळाला, त्यावर ओफीरचे ३० शेकेल सोने अशी नोंद आहे. पण शलमोनाचा काळ सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा, आणि सोपाऱ्याचा भक्कम पुरावा अशोक राजाच्या काळापासूनचा, म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा. मधली सातशे वर्षे रिकामी आहेत. आम्हांला विचाराल तर सोपाऱ्याच्या धक्क्याला शलमोनाची जहाजे लावू नयेत. चित्र फिके दिसले तरी चालेल.

याबाबतीत २००६ साली लंडनमध्ये अभ्यासकांनी काही नियम ठरवले. चित्रातला कोणता भाग पुराव्याचा आणि कोणता तर्काचा, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे. कोणी तर्काचा भाग वेगळ्या रंगात दाखवतात. अशा रंगाने सोपारा काढला तर स्तूप पक्क्या रंगाचा होईल. बंदराचा धक्का, बाजार, कोळ्यांची घरे, उषवदाताची धर्मशाळा, सगळी फिकी.

आणि फिका भाग पक्का व्हायला अवधी थोडा उरला आहे. नालासोपाऱ्यात इमारतींचे पाये खणले जातात. यंत्राचा एक घास, आणि हजार वर्षांचे थर मिसळून ट्रकमध्ये जातात. वाळत घातलेल्या गोधड्या एकावर एक असतील तोवर कोणती आधी टाकली हे सांगता येते. त्यांचा बोळा झाला की संपले. तुटलेला दगड फोटोवरून जोडता येतो, मिसळलेले थर कोणत्याही संगणकाला वेगळे करता येत नाहीत.

म्हणून पाया किंवा विहीर खणताना अक्षरांचा दगड, जुन्या मोठ्या विटा, नाणी असे काही दिसले तर काम थांबवावे. वस्तू उचलण्याआधी आहे तिथेच तिचा फोटो काढावा, शेजारी मोजपट्टी नाहीतर निदान चप्पल ठेवावी, म्हणजे आकार कळतो. किती खोल सापडली ते लिहून ठेवावे आणि तलाठ्याला सांगावे. जमिनीत लपलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवावे, असे १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्यात सांगितले आहे.

अशोकाने सोपाऱ्यात आपल्या आज्ञा दगडावर कोरून घेतल्या होत्या. आठव्या आज्ञेचा तुकडा १८८२ साली भाटेळा तळ्याजवळ मिळाला. नवव्या आज्ञेचा तुकडा मिळायला १९५६ साल उजाडले, तो जवळच्या भुईगावात सापडला. दोन्ही तुकडे मुंबईत, फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. सोपाऱ्यात अशा एकंदर चौदा आज्ञा होत्या असे मानतात. बाकीच्या बारा अजून सापडायच्या आहेत.